पायरी व्हावं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दुपारच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)





आज मला कीर्तन सांगितलेलं नाही. चार शब्द बोला म्हणाले. म्हणून अभंग घेतला नाही. विषय तुमचा तुम्ही निवडा, असंही सांगितलं. मी विचार केला, शंभर वर्षांत ह्या दिंडीनं काय कमावलं? वही उघडली की भिशीचा हिशोब सापडतो. तंबू किती, भांडी किती, ट्रकचं भाडं किती, सगळं लिहिलेलं आहे. पण एक कमाई वहीत कुठंच नाही. ह्या दिंडीनं माणसाला माणूस जोडून दिला. त्यात कुणाला काम लागलं, कुणाला गिऱ्हाईक मिळालं, कुणाला शेतीतला जाणता मिळाला. त्यावर आज बोलतो.

कुणी म्हणेल, महाराज, परमार्थाच्या सभेत धंद्याचं कशाला काढता? पण माऊली, आपले संत कोण होते? सावता महाराज माळी, गोरोबा काका कुंभार, नरहरी महाराज सोनार, सेना महाराज न्हावी, नामदेव महाराज शिंपी. आमच्या तुकोबारायांचं तर दुकान होतं. धंदा करता करताही देव गाठता येतो, हे त्यांच्याकडं बघून कळतं. धंदा करताना जो माणूस समोर येतो, त्याच्याशी कसं वागायचं, हा परमार्थाचाच भाग आहे.

आता दोन पायऱ्यांची गोष्ट सांगतो. तुम्ही सगळ्यांनी त्या पाहिलेल्या आहेत.

एक पंढरपुरात. महाद्वारात शिरताना पहिली पायरी लागते ती नामदेव महाराजांची. आपण तिथं माथा टेकतो आणि पुढं जातो. दुसरी आळंदीत. माऊलींच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिकी सोहळा सुरू होतो तो त्या पायरीच्या पूजनानं.

हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी होते. गावाकडं परत येताना सातपुड्यात भिल्लांनी धरलं. त्यांनी हरिपाठ सोडला नाही, सुटका झाली, आणि ते आळंदीला माऊलींच्या पायाशी आले, अशी कथा आपल्यात सांगतात. पालखी त्यांच्या आधीही होती. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढं माऊलींचा वेगळा सोहळा हैबतबाबांनी बांधला. आता बघा, त्यांच्यापाशी स्वतःचं होतं काय? घोडे होते अंकलीच्या शितोळे सरकारांकडं. तंबू त्यांच्याकडं. भजनाची शिस्त होती वासकरांसारख्यांकडं. पायी चालणारी माणसं गावोगाव पसरलेली. बाबांनी ह्याची त्याच्याशी, त्याची ह्याच्याशी गाठ घालून दिली. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून घोडे आजही दरवर्षी पायी आळंदीला येतात. ज्यानं ही गाठ घातली, त्याला जाऊन किती काळ लोटला. गाठ सुटलेली नाही.

आणि एवढा मोठा सोहळा जोडणाऱ्या माणसाची जागा कुठं? पायरीशी. ह्याच्यावरनं मला एवढंच सांगायचंय, की दोन माणसं जोडून देणाऱ्यानं पायरी व्हावं. पायरीवर पाय ठेवून माणूस आत जातो. पायरी त्याच्या मागं आत येत नाही, आणि "आधी माझं काय ते दे" असंही म्हणत नाही.

नामदेव महाराजांचा दृष्टांत तुम्हाला पाठ आहे. तेरला गोरोबांच्या घरी संत जमले होते. मुक्ताईनं गोरोबांना विचारलं, काका, हे थापटणं कशाचं? काका म्हणाले, मडकं कच्चं का पक्कं ते ह्यानं कळतं. मग मुक्ताई म्हणाली, आम्हालाही बघा. नामदेव महाराज रुसले. त्यांना कच्चं ठरवलं. ते तडक पंढरपूरला देवापाशी आले. आता देवानं काय करावं? नामा म्हणजे देवाचा लाडका. "तुला कुणाची गरज नाही, मी आहे ना" असं देव म्हणू शकला असता. देवापेक्षा मोठं कोण होतं? पण देवानं सांगितलं, विसोबा खेचरांकडं जा. लाडक्या भक्ताला देवानं स्वतःच्या दारातून दुसऱ्याच्या दारात पाठवलं, कारण नामदेवांना जे पाहिजे होतं ते तिथं मिळणार होतं.

ह्यात देवाचं काय कमी झालं? काही नाही. नामदेव गुरूकडून परत आले आणि आयुष्यभर देवाचेच राहिले. आपल्याला मात्र भीती वाटते. माझं गिऱ्हाईक दुसऱ्याला दाखवलं तर तुटेल. माझा चांगला गवंडी शेजाऱ्याला सांगितला तर उद्या मला मिळायचा नाही. म्हणून आपण माणसं झाकून ठेवतो. बियाणं कणगीत झाकून ठेवलं तर किडतं, पेरलं तर वाढतं, हे शेतकऱ्याला मी काय सांगू?

आता आपल्या दिंडीतलं सांगतो. पंधरासोळा वर्षं झाली असतील. त्या वेळचे आपले विणेकरीबुवा, ते आता वैकुंठवासी झाले. सासवडला पालखीचा मुक्काम दोन दिवस असतो. दुसऱ्या दिवशी थोडी सवड मिळते. आपल्या गावचा एक माळकरी, बाजरी-मटकी करून कंटाळलेला. रान मुरमाड, पाणी बेताचं. त्याच्या मनात सीताफळ लावायचं होतं, पण सगळी हसत होती. आणि सासवडला जिथं आपली दिंडी उतरते, तिथल्या शेजारी सीताफळाचा जुना बागाईतदार. पुरंदरचं सीताफळ तुम्हाला माहीत आहे.

विणेकरीबुवांनी दोघांना एका झाडाखाली बसवलं. मी जवळच धोतर वाळत घालत होतो, म्हणून शब्द न शब्द ऐकला. बागाईतदाराला म्हणाले, "पाव्हणं, ह्यो आमच्यातला. रान मुरमाड हाय, पाणी बेताचं हाय, हाताला कष्ट हाय. पैशाला जरा चिकट हाय, पण शब्दाला पक्का. तुम्ही परवाच्या साली म्हणत होता, चांगलं लेंडीखत मिळंना. ह्याच्या शेजारच्या रानात मेंढरं बसत्यात. बोला आता तुमचं तुम्ही." एवढं बोलले, तांब्या उचलला आणि पाय धुवायला गेले. परत त्या झाडाखाली आलेच नाहीत.

त्या दोघांनी काय केलं? बागाईतदारानं ह्याला सांगितलं, झाडं दाट लावू नको, फांदीत ऊन शिरलं पाहिजे. बहार धरायच्या आधी पाणी तोडून झाडाला ताण दे. खोडावर मुंग्या चढायला लागल्या की समज, पिठ्या ढेकूण आलाय, तिथंच आधी बघ. आणि पहिल्या साली सगळं रान अडकवू नको, थोडी झाडं लावून बघ. वारी झाल्यावर तो स्वतः गावाला येऊन रान बघून गेला. ह्यानं शेजारच्या धनगर बांधवाला सांगून लेंडीखताची गाडी सासवडला पाठवली. मग ते दरवर्षीचंच झालं. म्हणजे ह्याला बाग मिळाली, त्याला खत मिळालं, आणि मेंढरंवाल्याला गिऱ्हाईक मिळालं. तो तिसरा तर त्या झाडाखाली नव्हताही.

बाग धरली तेव्हा आपल्या माळकऱ्यानं पहिल्या तोड्याची एक पाटी विणेकरीबुवांच्या घरी नेली. बुवांनी ती तशीच उचलून एकादशीच्या फराळाला मंडळींत वाटली. घरात एक फळ ठेवलं नाही. आज त्या दोन्ही घरांची मुलं एकमेकांच्या लग्नकार्याला जातात. गाठ कुणी घातली हे त्या पोरांना ठाऊकही नसेल. पायरीचं असंच असतं. तिच्यावर नाव वाचायला कुणी थांबत नाही.

आणखी एक लहानशी सांगतो. आपल्या दिंडीतल्या एका आजीच्या पेटीत जुनी नऊवारी लुगडी पडून होती, आणि वाल्ह्याच्या मुक्कामाला दुसऱ्या दिंडीतली एक बाई भेटली, ती गोधड्या शिवून विकायची. दोघींची गाठ आपल्याच भाकऱ्या करणाऱ्या बायकांनी चुलीपाशी घालून दिली. भाकरी थापता थापता जेवढ्या ओळखी होतात, तेवढ्या सभेत होत नाहीत.

विणेकरीबुवांच्या त्या दोन मिनिटांच्या बोलण्यात सगळं शास्त्र आहे. मी ते सोडवून सांगतो.

पहिलं, त्यांना दोघांची गरज माहीत होती. खताचं बोलणं बागाईतदार दोन वर्षांपूर्वी बोलला होता, ते बुवांनी ध्यानात ठेवलं. ज्याला दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही, त्याला कुणाची गाठ घालता येत नाही. आपण चालताना नुसतं आपलंच सांगत बसतो.

दुसरं, त्यांनी बागाईतदाराला आदल्या दिवशी विचारलं होतं, आमच्यातला एक येतो म्हणतो, आणू का? आता काय होतं, फोन काढला की धाडकन दुसऱ्याचा नंबर देऊन मोकळे. त्या माणसाला आधी विचारा. दार त्याचं आहे.

तिसरं, खरं सांगितलं. चिकट आहे हेसुद्धा सांगितलं. तुम्ही ज्याची ओळख करून देता, त्याच्यासाठी तुमचा शब्द गहाण पडतो. उगीच वाढवून सांगितलं तर पुढच्या खेपेला तुमच्या शब्दावर कुणी माणूस दारात उभा करायचा नाही. आणि ज्याची खात्री नाही, त्याच्यासाठी शब्द टाकू नये. नाही म्हणायला लाजू नये.

चौथं, दोन्हीकडचं बघितलं. एकाला नुसतं देणं आणि दुसऱ्याला नुसतं घेणं असलं, की ती ओळख राहत नाही, ओझं होतं. आपल्याकडं पूर्वी सावड होती. तुझे बैल आज माझ्या रानात, माझे उद्या तुझ्या रानात. इर्जिकीला सगळं गाव नांगर घेऊन यायचं, आणि रानाचा मालक जेवण घालायचा. त्यात कुणी कुणाचा मिंधा नव्हता.

पाचवं, मध्ये काही खाल्लं नाही. ह्यावर कुणी रागावू नका. बाजारातला अडत्या आडत घेतो, तो उघड घेतो, पावतीवर लिहून घेतो. ते त्याचं काम आहे, त्यात पाप नाही. पण गळ्यातल्या माळेच्या ओळखीवर गुपचूप टक्का खाणं वेगळं. गाडगेबाबांचं बघा. श्रीमंताचा पैसा आणि गरिबाची अडचण ह्यांची गाठ त्या माणसानं जन्मभर घातली. पंढरपूर, आळंदी, नाशिक, ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. स्वतःच्या हातात खराटा आणि गाडगं, तेवढंच.

सहावं आणि शेवटचं, गाठ घालून दिली आणि बुवा बाजूला झाले. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी दोघांना विचारलं, जमलं का? एवढी चौकशी करावी. त्यात जास्त शिरू नये.

आता मला जरा कडू बोलायचंय. शताब्दीच्या दिवशी गोडच बोलावं म्हणतात, पण पुढची शंभर वर्षं चालायचं असेल तर हे बोललंच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्या दिंडीत एक जण आला. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. गळ्यात नवी कोरी माळ. पहिल्या वर्षी पाणी वाटलं, म्हाताऱ्यांचे पाय चेपले. सगळ्यांना वाटलं, काय गुणाचा माणूस आहे. दुसऱ्या वर्षी प्रत्येक गावच्या माणसाचे नंबर वहीत उतरवून घेतले. म्हणाला, वारकऱ्यांनी एकमेकांच्या उपयोगी पडलं पाहिजे. शब्द बघा, मी आज बोलतोय तेच. तिसऱ्या वर्षी पैसे दुप्पट करून देणारी योजना निघाली. तुम्ही भरा, तुमच्या ओळखीचे दोघं आणा, त्यांनी आणखी दोघं आणावेत. माळकऱ्यानं माळकऱ्याला सांगितलं, मग कोण शंका घेणार? कुणी दुधाचे पैसे घातले, कुणी लेकीच्या लग्नाचे. चौथ्या वर्षी तो वारीला आला नाही. फोनही लागेना.

पैसे गेले ते गेले. पण एका घरातले साडू साडू अजून बोलत नाहीत, कारण एकानं दुसऱ्याला त्यात ओढलं होतं. तीन बाया चाळीस वर्षं एका राहुटीत झोपायच्या, त्यातल्या एकीनं वारी सोडली. का? तर जिच्या शब्दावर पैसे भरले, तिचं तोंड बघायला नको म्हणून. सांगा, ह्याची भरपाई कोण करणार?

तेव्हापासून आपल्यातली बरीच मंडळी म्हणतात, नको त्या ओळखी, वारीला यावं, नाम घ्यावं, घरी जावं. मला ते दुखणं समजतं. पण एकानं विहिरीत घाण टाकली म्हणून विहीर बुजवायची का? विहीर उपसायची असते.

ओळखायचं कसं, ते सांगतो. कोळी जाळं विणतो. त्याचे धागे चारी दिशांना जातात. बघणाऱ्याला वाटतं, ह्यानं केवढी जोडणी केली! पण प्रत्येक धागा शेवटी त्याच्याच पोटापाशी येतो. एक माशी दुसऱ्या माशीला त्या जाळ्यात भेटत नाही. त्या माणसाची वही तशीच होती. त्यानं आपल्यातल्या कुणाचीच कुणाशी गाठ घातली नाही, सगळ्यांची गाठ स्वतःशी घातली. आणि विणेकरीबुवा नसतानाही सासवडची गाडी अजून चालू आहे. मधला माणूस काढून बघा. तो गेल्यावरही दोघांचं चालत असेल तर ती पायरी होती. तो हलल्याबरोबर सगळं कोसळत असेल तर ते जाळं होतं.

आपल्या सोहळ्यातच ह्याचा नमुना रोज संध्याकाळी होतो. मुक्कामावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या तळावर येतात. टाळ वाजत असतात, काही ऐकू येत नाही. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा समाज गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तिचे टाळ चालूच राहतात, मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. आणि हरवलेलं-सापडलेलं सांगितलं जातं. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची म्हातारी आई. ज्याचं हरवलं आणि ज्याला सापडलं, त्यांची गाठ पडते. चोपदार त्यातलं काही स्वतःकडं ठेवतात का? सांगायचं काम करतात, दंड खाली येतो, आरती सुरू होते.

माझी दिंडीच्या मालकांना आणि समितीला हात जोडून विनंती आहे. आपल्या दिंडीत रोज हरिपाठ झाल्यावर पाव तास असा ठेवा. ज्याला काही पाहिजे त्यानं उभं राहून सांगावं. पोरगा आयटीआय करून घरी बसलाय, कुणाच्या ओळखीत कारखाना आहे का? शेळ्या विकायच्या आहेत. विहिरीला पाणी बघायचंय. ज्याच्यापाशी आहे त्यानं हात वर करावा. जे व्हायचं ते सगळ्यांच्या देखत व्हावं, राहुटीच्या मागं कुजबुज नको. पैसे गोळा करायचं बोलणं निघालं की विणेकऱ्यांनी तिथंच थांबवावं. नंबरांची वही कुणा एकाच्या हातात देऊ नये. आणि सुरुवात नेहमी मागच्या टोकापासून करावी. पुढच्या रांगेतल्याला ओळखी असतातच. एकटी विधवा बाई, भूमिहीन माणूस, पहिल्यांदा आलेला पोरगा, ह्यांना आधी विचारावं. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याच्यासाठी पायरी लागते.

पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, मुंबईला गेलेली आपली पोरं आज इथं मोटारी घेऊन आलीत. त्यांच्याकडून देणगी घेतली, सत्कार केला, फार चांगलं झालं. पण पोरांनो, देणगीच्या पावतीपेक्षा एक जास्त देता येईल. तुमच्या कारखान्यात, कचेरीत कुठलं काम निघतंय, ते गावातल्या एका तरी पोराला सांगा. त्याला तुमच्या खोलीवर दोन दिवस उतरू द्या, साहेबापाशी खरंखरं बोलून द्या, आणि मग बाजूला व्हा. तो तुमच्या पुढं गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान मोठ्याच्या पडतो, मोठा लहानाच्या पडतो. दोघंही एकमेकांना माऊली म्हणतात. ज्याला माऊली म्हणलं, त्याचं पोट भरलंय का, त्याच्या रानात काय उभं आहे, त्याचं पोर कुठं अडलंय, हे विचारायला नको का? नुसतं पायाला हात लावून पुढं गेलो तर तो हात कोरडाच राहिला.

पांडुरंगापाशी एकच मागणं आहे. पुढची शंभर वर्षं ही दिंडी चालू दे, आणि तिच्यात दर पिढीत तांब्या उचलून बाजूला होणारा एक तरी माणूस निपजू दे.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!